देशपांड्यांचा डबा

गुरुवार, अल नहदा

लंडनच्या जुन्या नोकरीतली पेन्शन इकडे आखातात हलवायची, तर आधी सल्लागाराचा सल्ला घ्यायलाच हवा, असा तिथला नियम. “हलवू नका” असा सल्ला मिळाला तरी फी द्यायचीच. आणि तो मिळवून देणारे कोण, तर आपल्याच मंडळातले देशपांडे. संध्याकाळी सहीचे कागद आणि वहिनींच्या चिवड्याचा डबा ठेवून गेले. म्हणे, “फी पेन्शनमधूनच कापतील, तुमच्या खिशाला हात नाही.” मग पेन्शन कुणाच्या खिशातली? पण नको म्हणवेना. तोंडात त्यांचाच चिवडा. दुसऱ्या कुणाला विचारावं, तर आरतीला देशपांड्यांच्याच शेजारी उभं राहायचंय.

आत्ता स्मिता म्हणाली, “डबा रिकामा परत देऊ नका हं.”

सही केलेले कागद घडी करून आत घातले. मावले.