आईच्या पुस्तकाची दुसरी प्रत

थागासिरा,
पास्काच्या, प्रभूच्या पुनरुत्थानाच्या सणानंतरचा नववा दिवस

प्रिय सेकुंदुलाताई,

प्रभूची शांती तुझ्या घरावर असो. डोळ्यांची आग कमी झाली का? इकडे जव बरा पिकलाय. माझा खोकलाही उतरलाय. पत्र तेलवाल्या बारिककडे देतोय. वाचून झालं की चुलीत घाल.

परवा दुपारी नगराधिकाऱ्याची माणसं आमच्या प्रार्थनाघरात शिरली. ख्रिस्ती लोकांची शास्त्रं जाळायचा सम्राटाचा हुकूम आहे. दिवे नेले, गरिबांसाठी ठेवलेले कपडे नेले. पुस्तकं प्रार्थनेत ती वाचून दाखवणाऱ्या वाचकाच्या घरी असतात, हे त्यांना कुणीतरी सांगितलंच होतं. आणि वाचक मी.

शुभवर्तमानं मी आधीच पिठाच्या रांजणात दडवली होती. बाहेर राहिलं होतं ते आईचं, दृष्टांतांचं पुस्तक.

“हेच का रे तुमचं शास्त्र?” अधिकाऱ्याने विचारलं.

“हेच,” मी म्हणालो. चौकात त्यांनी ते जाळलं.

काल मंडळीने मला जाब विचारला. शास्त्र वैऱ्याच्या हाती देणाऱ्याला आमच्यात जागा नाही, तुला ठाऊकच आहे. ते पुस्तक शास्त्रात धरायचं की नाही, यावर इथे वर्षानुवर्षं वाद. तुमच्याकडे तर दर रविवारी वाचतात. म्हातारे बिशप गार्गिलियुस म्हणाले, “ते शास्त्र नव्हतंच. मिग्गिन निर्दोष आहे. यापुढे इथे ते वाचायचं नाही.”

झाला निकाल! मला वाचवण्यासाठी. लोकांनी मिठ्या मारल्या. मला मात्र आई दिसत होती, शेवटच्या दुखण्यात त्यातल्याच ओळी पुटपुटणारी.

ताई, एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. अधिकाऱ्याने विचारलं होतं, “दुसरी प्रत कुणाकडे?” त्याने नुसता हात उगारला गं, मारलंसुद्धा नाही. आणि मी तुझं नाव सांगितलं. गाव, गल्ली, सगळं.

उद्या-परवा ते तुझ्या दारात येतील. पुस्तक देऊन टाक, असं कुठल्या तोंडाने सांगू? जे देऊन मी इथे निर्दोष ठरलो, तेच देऊन तू तिथे धर्मद्रोही ठरशील. आणि नाही दिलंस तर... लिहवत नाही. पत्र मिळताच नीघ. डोंगरात मावशीकडे जा.

रविवारी वाचायला उभा राहीन, तेव्हा आधी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे.

क्षमा मागत नाही. फक्त पळ.

तुझं नाव सांगून सुटलेला,
मिग्गिन