लातूरच्या सहा खोल्या

१२ नोव्हेंबर १९३४

विकल्या पाटल्या! सराफ तराजूकडे बघत होता, मी रस्त्याकडे. हे जाऊन चार वर्षं झाली. पाटल्या पेटीत ठेवून काय लोणचं घालायचंय?

लातूरला, निजामाच्या मोगलाईत, स्टेशनाजवळ सहा खोल्या विकायच्या आहेत. मंदीत तिथली कापसाची जिनिंग बंद पडली, मजूर गेले, मालकाच्या गळ्यात लोढणं झालं. आता जिनिंगचा भोंगा पुन्हा वाजू लागलाय म्हणे. परका मुलूख, परकं नाणं — भीती वाटते. पण माझा शाळेचा पगार घरखर्चात जातो आणि चार आण्यांसाठी धाकट्या दिरांचं तोंड बघावं लागतं. आपलं म्हणून काहीतरी हवं.

२० नोव्हेंबर

लातूरहून सोलापूरला परतले. खरेदी झाली.

कचेरीत कारकुनानं विचारलं, 'नवऱ्याचं नाव?' मी गप्प. आमच्यात बाई ते नाव घेत नाही, मागं राहिली तरी घेत नाही. जीभच उचलेना. वर्गात पोरींना 'मोठ्यानं बोला' म्हणून दटावणारी मी! शेवटी सोबत आलेले भावजी पुढं झाले, काय ते सांगितलं. कागद उर्दूत. त्यांनी बोट ठेवलं तिथं सही केली.

३ फेब्रुवारी १९३५

सहाही खोल्या भरल्या! आज जेवण गोड लागलं.

१७ मार्च

लातूरला जागांचे भाव दुप्पट झालेत. जेवताना भावजी म्हणाले, गिऱ्हाईक आलंय, खोल्या विकून कापडाच्या दुकानात भागी घेतो. 'घेतो'! मी म्हटलं, खोल्या माझ्या आहेत. ते भाकरी मोडत राहिले.

१८ मार्च

कपाटातला कागद काढून उर्दू शाळेतल्या मास्तरीणबाईंकडून वाचून घेतला. त्यांनी दोनदा वाचला. मालक — शिवलिंगप्पा. म्हणजे आमचे भावजी. माझं नाव अगदी खाली, साक्षीदार म्हणून.

संध्याकाळी त्यांना विचारलं. म्हणाले, 'वैनी, तुमीच गप बसला. मग कुणाचं नाव लिवायचं? घरचंच हाय की.'

त्यांचा राग आला. माझा त्याहून जास्त आला.

१९ मार्च

सासूबाईंची पूजा आटपल्यावर सगळं सांगितलं. कपाळावरची विभूती तशीच, त्या पाटावरून उठल्या. मग भावजींना बोलावून म्हणाल्या, कागद हिच्या नावावर होईपर्यंत तुझ्या घरचं अन्न मला वर्ज्य.

ते गेल्यावर मी म्हटलं, कचेरीत पुन्हा यांचं नाव विचारतील. त्या माझ्याजवळ सरकल्या.

'माझ्या पोटचं पोर त्ये. नाव मी ठिवलंय. मी सांगते, घे तू.'

खूप रडले. त्याही रडल्या. थोरल्या लेकासाठी त्यांना रडताना पाहून चार वर्षं झाली होती.

२१ मार्च

दोन दिवस त्या शेजारच्या गौरम्माकडे जेवतात. गल्लीभर चर्चा. भावजी तणतणले, आदळआपट केली, आणि आज लातूरच्या गाडीची वेळ विचारून आले.

२६ मार्च, लातूर

रेवणसिद्ध.

पहिल्यांदा पुटपुटले. कारकुनाला ऐकू गेलं नाही. मग मोठ्यानं सांगितलं. छत काही कोसळलं नाही. या वेळी कागद मराठीत वाचून दाखवायला लावला, मगच सही केली. भावजींनीही खाली मान घालून केली. बाहेर आल्यावर म्हणाले, आता सोलापूरच्या घरात तुमचं काही काम नाही.

कोपऱ्यातला भाडेकरू कालच खोली सोडून गेलाय. तिथंच उतरले आहे. शाळेला काय कळवू? घर गेलं.

१ एप्रिल

दुपारच्या गाडीनं सासूबाई आल्या. एकट्याच, वळकटी घेऊन. तिथलं घर सोडलं म्हणाल्या. त्यांना खोली दाखवली. चहूकडं बघून घेतलं, आणि विचारतात — 'भाडं किती घेशील?'