गेम पोर्टावर लागला का?

शनिवार, ११ ऑक्टोबर १९९७ (दसरा)

अण्णा बोलले! सात महिन्यांत पहिल्यांदा धड बोलले, आणि कशामुळं, तर आळेफाट्याच्या हॉटेलातल्या खेळाच्या मशीनमुळं.

नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही. अण्णांच्या ट्रकवर क्लीनर असलेल्या कुंडलिककाकांनी गाडी गॅरेजमधनं दुरुस्त करून काढली, म्हणून दसऱ्याची पूजा फाट्यावरच होती. झेंडूचा हार, लिंबं, नारळ, सगळं. काका अण्णांच्या मागंच लागले, वस्ताद, नुसतं वर चढा, स्टेअरिंगला हात लावा. अण्णांनी मान फिरवली, कुबडी उचलली आणि समोरच्या हॉटेलात निघून गेले. बावीस वर्षं चालवलेली स्वतःची गाडी, आणि तिच्याकडं बघवत नाही! मला रागही आला आणि रडूही.

हॉटेलात ते मशीन नवीनच आलंय. बसायला सीट, पुढं स्टेअरिंग, पडदा, खाली पेडल. नाणं टाकलं की रस्ता पळायला लागतो. समुद्र काय, डोंगर काय, बोगदा काय! अण्णा बराच वेळ उभ्यानं बघत होते. मग हळूच सीटवर टेकले. पण ॲक्सिलेटर उजव्या पायाचा, आणि उजवा पाय तर माळशेज घाटातल्या अपघातात गेला.

मग मी फरशीवर उकिडवी बसले आणि दोन्ही हातांनी पेडल दाबलं. नवा ड्रेस! लोक बघत होते, बघू देत. वरनं आवाज यायला लागला — दाब... सोड... अगं सोड की... आता दाब!

तो आवाज अण्णांचा होता. मला खालनं पडदा दिसत नव्हता, नुसते त्यांचे हात दिसत होते. काय ते हात! स्टेअरिंग कसं बोटांवर फिरत होतं. मी एवढी त्यांची मुलगी, पण त्यांना गाडी चालवताना असं कधी बघितलंच नव्हतं.

रविवार, १२ ऑक्टोबर

गुडघे ठणकतायत. अण्णा परत गप्प.

शनिवार, १८ ऑक्टोबर

लग्नपत्रिकांचे कागद आणायला बाजारपेठेत प्रितमच्या दुकानात गेले होते. तो पुण्याहून कॉम्प्युटरची मासिकं मागवतो. त्याला सहज मशीनचं सांगितलं, तर म्हणाला तोच गेम आता घरच्या कॉम्प्युटरसाठी पोर्ट करतायत, डिसेंबरात येईल. पोर्ट म्हणजे काय रे? तर म्हणे एका मशीनमधनं काढून दुसऱ्या मशीनमध्ये बसवायचा. आणि पेडल? तो हसला. कॉम्प्युटरवर कसलं पेडल, चार बाणांची बटणं, सगळं बोटांवर.

सगळं बोटांवर! मी कागद तिथंच विसरून घरी पळत आले. ज्या कॉम्प्युटरवर मी अख्ख्या जुन्नरच्या पत्रिका टाईप करते, त्याच्यावर अण्णा गाडी चालवणार. पाय लागणारच नाही.

कुंडलिककाका जेवायला होते. आता गाडी तेच चालवतात. मंगळवारी आणि शुक्रवारी कांदा भरून न्हावाशेवाच्या बंदराला जातात, बुधवारी आणि शनिवारी परत येतात, येताना आमच्याकडं भाकरी खाऊनच घरी जातात. मी सांगितलं, तो गेम पोर्ट होतोय, पोर्ट झाला की आपल्याकडं येणार. काकांचा घास हातात राहिला. "पोर्टावर येतोय? मंग मी कशाला हाय? हप्त्यातनं दोनदा जातो की!"

मला हसू फुटलं. सांगणारच होते, काका, ते पोर्ट वेगळं. तेवढ्यात अण्णांनी विचारलं, "कंच्या जहाजानं?"

आठ महिने होत आले, ताटावर एक शब्द नाही. मी तोंड मिटलं.

बुधवार, २२ ऑक्टोबर

काकांनी गेमचं नाव मराठीत चिठ्ठीवर लिहून घेतलं होतं. पोर्टाच्या गेटवर विचारलं म्हणे. गेटवाल्यानं हाकललं.

शनिवार, १ नोव्हेंबर

दिवाळी बरी झाली. काल पाडव्याला आईनं अण्णांना ओवाळलं, तर म्हणाले, कुंडलिक आज पोर्टाला गेलाय का सणामुळं राहिला? आई माझ्याकडं बघत राहिली.

नंतर तिला खरं सांगितलं. म्हटलं, आपण फसवतोय त्यांना, मला नाही आवडत. ती भांडी लावत होती. म्हणाली, राहू दे. दोन शब्द बोलतायत ते, तेवढे पण काढून घेतीस का.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आता बुधवारी आणि शनिवारी अण्णा चार वाजल्यापासनं ओट्यावर बसतात. दाढी करून! गाडीचा आवाज वेशीपासनंच ओळखतात. काका खाली उतरले की एकच प्रश्न, आला? आणि काकांचं दर खेपेला नवीन उत्तर. जहाज लांबलंय. जहाज लागलंय पण त्याच्यात खेळणी न्हाईत, सायकली हायत.

मी आतनं ऐकते आणि ओढणी तोंडात कोंबते. मूर्ख आहेत दोघं. आणि मी त्यांच्याहून मूर्ख, कारण आज मीही दारात उभी होते.

शनिवार, ६ डिसेंबर

प्रितम म्हणतो जानेवारी. मी त्याच्यावरच ओरडले, जसा काही तोच गेम बनवतोय. बिचाऱ्यानं चहा पाजला.

घरी आल्यावर काका एकटेच ओट्यावर भेटले. सांगत होते, आता पोर्टाच्या लाइनीतले सगळेच डायव्हर विचारतात. नाशिकचे, लासलगावचे, एक तर पार मद्रासवाला. जुन्नरच्या वस्तादाचा गेम लागला का? म्हणून. ज्याला जे जहाज दिसेल तिथं तो चौकशी करतो.

शंभर माणसं एका माणसासाठी समुद्राकडं बघत बसलीत! शेवटी विचारलं, काका, एवढं का करता? तर म्हणाले, "त्या दिशी ब्रेक गेले तवा मी शेजारी बसलो व्हतो. वस्तादानं गाडी डोंगराला घातली, पर सोताच्या बाजूनं. माझ्या अंगाला खरचटलं बी न्हाई."

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. अण्णांनीही नाही.

बुधवार, २४ डिसेंबर

काका आज परत अण्णांना म्हणत होते, एकदा बाजूला बसून चला की पोर्टाला, तुमीच विचारा. अण्णा भडकले. "क्लीनरच्या जागी बसू व्हय मी?" मग रात्री जेवले पण नाहीत.

शुक्रवार, २३ जानेवारी १९९८

आली! सीडी आली. प्रितमचा भाऊ पुण्याहून घेऊन आला. हातात धरून एसटी स्टँडपर्यंत उगीचच चालत गेले आणि परत आले. एवढीशी चकती, आणि तिच्यात तो समुद्र, तो बोगदा, सगळे डोंगर. कसं मावलं असेल!

घरी नेली नाही. उद्या शनिवार आहे.

शनिवार, २४ जानेवारी

दुपारीच वेशीबाहेर जाऊन थांबले. काकांची गाडी अडवली आणि सगळं खरं सांगून टाकलं. पोर्ट म्हणजे बंदर नाही, गेम दुकानात येतो, जहाजाचा काही संबंध नाही. त्यांचं तोंड एवढंसं झालं. म्हंजी मी तीन महिनं येड्यावानी... एवढंच म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं, सीडीसाठी हात पुढं केला आणि म्हणाले, "आण हिकडं. पोर्टावरनंच आलाय."

कांद्याच्या जाळीच्या पिशवीत बांधली, वर सुतळी. अण्णा ओट्यावर होते. आला? काका म्हणाले, आला वस्ताद, आज लागलं जहाज. अण्णांनी पिशवी उघडली, डबी उलटीपालटी करून बघितली, मागच्या बाजूवर अंगठा ठेवून थोडा वेळ बसले. मग काकांच्या खांद्यावर हात ठेवून उठले.

आईनं मॉनिटरला हळदकुंकू लावलं. लिंबू-मिरची पण बांधली! नवी गाडी ना.

आणि मग अण्णांनी गाडी चालवली. बाणांवर तीन बोटं, आणि डोळे असे की आम्ही घरात आहोत हेही विसरले. सगळे जिंकायला धावतात, हे मात्र डाव्या बाजूनं शिस्तीत. मागच्याला साइड देतात. हॉर्न कुठला म्हणून विचारलं. म्हटलं, हॉर्न नाहीये. "हॉर्न न्हाई? मंग ही गाडी कसली राव!"

मग डोंगरातला उतार आला. एका बाजूला दरी. वळणाच्या आधी अण्णांनी गाडी थांबवली. बोटं बटणावरनं उचलली. बाकीच्या गाड्या झूम झूम निघून गेल्या, वर वेळेचे आकडे संपत होते. आई पदर धरून उभी, काका उंबऱ्यात. बोटं परत खाली आली. हळू, अगदी बैलगाडीसारखी, गाडी त्या वळणातनं गेली आणि खाली सपाट रस्त्याला लागली. शेवटचा नंबर आला.

काका भिंतीकडं तोंड करून रडत होते. अण्णा म्हणाले, परत लाव.

रविवार, २५ जानेवारी

सकाळपासनं अकरा वेळा तो घाट उतरले. माझ्या दोन पत्रिका राहिल्यात. राहू देत.

आत्ता डबी आवरताना एकदम आठवलं. मागं पुण्याच्या दुकानाचा स्टिकर होता, मी काढायला विसरले होते! आणि आता तो नाहीये. आईला विचारलं, तिनं नाही काढला. काका तर काल रात्रीच गेले.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

पहाटे गाडी दारात उभी राहिली. अण्णा पांढरा शर्ट घालून तयार. काकांनी खालनं आधार दिला आणि अण्णा चढले, क्लीनरच्या जागेवर. मी धावत गेले, कुठं निघालात?

"पोर्टाला," म्हणाले. "दुसरा गेम लागलाय का बघून येतो. हॉर्नवाला."