दुसरा ब्रेक

ती. दादास,

तुला आणि वहिनींना नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींनी तुझं गोड बंद केलंय असं कळलं, चोरून किती खातोस ते मोकळेपणाने कळव. माझी तब्येत डॉक्टरांच्या भाषेत 'अपेक्षेप्रमाणे' आहे, म्हणजे बिघडते आहे, पण शिस्तीत. अक्षर मुंगीएवढं येतंय ते पार्किन्सन्समुळे, कागद वाचवतोय असं समजू नकोस.

या आजाराने घरातली सगळी कामं सुटली (एवढीच जमेची बाजू), पण नातीला गाडीतून शाळेत नेणं-आणणं मी सोडत नव्हतो. माझ्यावाचून अडणारं तेवढंच काम उरलंय. शेवटी डॉक्टर म्हणाले, आधी गाडी चालवण्याची तपासणी करून घ्या, मग भांडा. मी गोळी अशा बेताने घेतली, की परीक्षेच्या वेळी हात शहाण्या मुलासारखा मांडीवर पडून राहावा. राहिलाही. आधी एका खोलीत पडद्यासमोर बसवलं. लाल दिवा दिसला की ब्रेक दाबायचा. मी दर वेळी दाबला (दिवा तोवर वाट बघून कंटाळला असेल, तो भाग वेगळा). मग आकडे आणि अक्षरं आलटून पालटून रेघेने जोडायची होती. एक, अ, दोन, आ. मी 'आ'वरून थेट 'इ'वर गेलो. तपासणाऱ्या बाईंनी नुसतं पेन उचललं. जन्मभर मास्तरकी केली, पेन कधी उचलतात ते मला कळतं.

त्यानंतर खरा रस्ता. शेजारी परीक्षक, आणि त्यांच्या पायाशीही एक ब्रेक. माणूस भलताच गोड. नात कितवीत आहे, काय म्हणते, सगळं विचारलं. (गप्पा हाही परीक्षेचाच भाग, हे मागाहून कळलं.) मी तिच्या पडलेल्या दाताची हकिगत रंगात येऊन सांगत होतो, तेवढ्यात गाडी गचका खाऊन थांबली. पुढे पांढऱ्या पट्ट्यांवर एक बाई बाबागाडी धरून उभी, बंपरपासून हातभर अंतरावर. मी म्हणालो, "बघा, थांबवली की नाही वेळेवर?"

"काका, ब्रेक मी दाबला," ते म्हणाले.

दादा, माझा पाय ॲक्सिलरेटरवरच होता. ब्रेकवर जा, असं मी त्याला सांगितलं होतं. त्याने ऐकलंच नव्हतं. ती बाई काचेतून माझ्याकडे बघत राहिली, मग बाबागाडी ढकलत निघून गेली. परतताना गाडी परीक्षकांनी चालवली. मी शेजारी बसून दाताची गोष्ट पुरी केली, कारण गप्प बसवेना.

बाकी ठीक. वहिनींचं ऐकत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. गाडी चालवू नका, असा निकाल त्यांनी तिथेच सांगितला. घरी मात्र मी "कळवणार आहेत" म्हणालोय. तू ये, तुझी गाडी बिघडली म्हण आणि माझी घेऊन जा. मी नाही म्हणेन, तुझ्या ड्रायव्हिंगला नावं ठेवीन, हमरीतुमरीवर येईन. ऐकू नकोस.

आणखी एक ता. क. सवडीने ये, असं लिहिणार होतो. पण तपासणीच्या दुसऱ्या दिवशी नातीला शाळेतून मीच आणलं. मागच्या सीटवर ती गाणं म्हणत होती. पत्र मिळताच निघ.