यान्नाच्या आईला न दिलेलं उत्तर

४ जुलै १९७८, मंगळवार. एल्झरवीन

यान्नाचा डावा पाय हलत नाही.

शनिवारी ताप आला, काल उतरला. आज सकाळी तिच्या आईने, फेनाने, तिला पलंगावरून खाली उभं केलं, तर ती तशीच खाली बसली. हसली आधी! तिला वाटलं पायाला मुंग्या आल्यात. डॉक्टर आले, दहा मिनिटांत गाडी बोलावली. फेना तिच्याबरोबर इस्पितळात गेली. तिचा बाप लूबेर्ट मागोमाग सायकलने स्टेशनवर गेला. सुतारकामाचा भुसा अजून त्याच्या बाहीला होता. तिचा तान्हा भाऊ गेर्ट माझ्या मांडीवर राहिला.

शेजारणी आल्या, बसल्या. पोलिओ हा शब्द कुणी उच्चारला नाही. म्हातारी एव्हर्त्ये म्हणाली, देवाचा हात जड असतो, पण तो देवाचाच असतो. आणि मी काय केलं? गेर्टला एका हातावर घेतलं आणि दुसऱ्या हाताने प्रबंधाची टिपणवही शोधायला लागले. हे वाक्य छान आहे, निसटायला नको म्हणून!

वही सापडली नाही. बरं झालं.

५ जुलै

लिहून टाकते. टिपणवहीत आहेच, पण तिथे ते वेगळं दिसतं.

३० मे, मंगळवार, म्हणजे इस्त्रीचा दिवस. फेना लूबेर्टच्या रविवारच्या कॉलरना इस्त्री करत होती, मी टेबलापाशी कपड्यांच्या घड्या घालत होते. पलीकडच्या गावात एक मुलगा पोलिओने इस्पितळात गेला होता. गुरुवारी शाळेत लसीचे थेंब पाजणार, अशी परिचारिकेची चिठ्ठी घरोघर आली होती. या गावात कुणी लस घेत नाही. आजार देव धाडतो, मग तो यायच्या आधीच दाराला कडी घालणारे आपण कोण, असं यांचं म्हणणं.

फेनाने इस्त्री उभी करून ठेवली. म्हणाली, "बाई, ह्यांचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. पण तुम्ही एवढं शिकलात. यान्ना तुमची असती तर काय केलं असतंत?"

माझं मत ठरलेलं होतं. लहानपणी लेउवार्डनला माझ्या आईने मला ओढत नेऊन टोचून आणलं होतं. एका शब्दाचं काम होतं.

मी म्हणाले, "माझ्या मताला इथे जागा नाही, फेना. मी तुमचं समजून घ्यायला आले आहे."

ती म्हणाली, "बरोबर आहे," आणि पुन्हा इस्त्री उचलली. मी घड्या घालत राहिले.

त्या संध्याकाळी हे सगळं टिपणवहीत उतरवलं, खाली रेघ ओढून. शनिवारी पोस्टातून माझे मार्गदर्शक प्रोफेसर रूर्डांना फोन केला, त्यांनाही वाचून दाखवलं. "उत्तम!" म्हणाले. "कंस नीट धरलात."

आमच्या फेनॉमेनॉलॉजीचा, म्हणजे श्रद्धेच्या अभ्यासाच्या आमच्या पद्धतीचा, पहिला धडा हाच. देव आहे की नाही, श्रद्धा खरी की खोटी, हा प्रश्न कंसात ठेवायचा, आपलं मतही त्यातच. श्रद्धाळू माणसाला जग जसं दिसतं तसं त्याच्या डोळ्यांनी बघायचं. मला हे फार आवडलं होतं. वर्तमानपत्रवाले कॅमेरे घेऊन चर्चच्या दारात उभे राहतात, या लोकांना अडाणी म्हणतात, मुलांचे मारेकरी म्हणतात. मी तशी नव्हते. मी आठ महिने यांच्या घरात राहिले, यांच्या ताटात जेवले. त्याचा गर्व होता मला.

७ जुलै

नंतर दोन्ही पायांत पसरलं होतं, उजवा सुटला. डाव्याचं सांगता येत नाही. ३० मेचं मी डॉक्टरांना विचारलं — तेव्हा थेंब दिले असते तर? "बहुधा वाचली असती," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तुम्ही घरच्या का?"

मी नाही म्हणाले.

९ जुलै, रविवार

चर्चला गेले. लूबेर्ट नेहमीप्रमाणे चर्चच्या मंडळातल्या वडीलधाऱ्यांच्या बाकावर, काळ्या कोटात. पाद्रीबाबांनी "परीक्षेत सापडलेल्या एका घरा"साठी प्रार्थना केली. सगळ्यांना कळलं कुठलं ते, कुणी मान वळवली नाही. स्तोत्र एवढं संथ गातात की एका ओळीला पूर्ण श्वास पुरत नाही. लूबेर्टचा आवाज एकदाही हलला नाही.

माझ्या शेजारची जागा रिकामी होती. प्रवचन लांबलं की यान्ना पेपरमिंटची गोळी दातांनी फोडून अर्धी मला द्यायची. ओली, चिकट. मी घ्यायची.

लूबेर्ट घरी येऊन उभ्याउभ्याच जेवला.

११ जुलै

फेना कपडे न्यायला आली. मी तयारच होते — पहाटेपासून वाक्य घोकत होते. म्हटलं, गुरुवारी पलीकडच्या गावात पुन्हा थेंब देणार आहेत, गेर्टला न्या, मी बरोबर येते.

ती पिशवी भरायची थांबली. "आता सांगता होय, बाई?"

रागाने नाही म्हणाली. रागावली असती तर सोपं गेलं असतं.

मग म्हणाली, "मी तेव्हा का विचारत होते ते तुम्हाला कळलं नव्हतं का?" मी म्हणाले, कळलं होतं. "मग?" मी तिला नियम सांगायला लागले. आपलं मत बाजूला ठेवायचं, दुसऱ्याच्या श्रद्धेत ढवळाढवळ करायची नाही... बोलता बोलता माझं मलाच ऐकवेना.

तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हणजे आठ महिने तुम्ही माझ्याकडे बघत होतात. माझ्याशी बोलत नव्हतात."

पिशवीचे बंद बांधले आणि गेली. मला बरोबर यायला नको म्हणाली.

१४ जुलै

काल ती गेर्टला शालीत गुंडाळून सायकलवर थेंब पाजायला घेऊन गेली. भर दुपारी, मुख्य रस्त्याने. चारपर्यंत सगळ्या गावाला कळलं. चर्चच्या मंडळातल्या माणसाची बायको! तरी जाब विचारायला कुणी दारात आलं नाही.

लूबेर्टला तिने स्वतःच सांगितलं. तो आपल्या सुतारकामाच्या कारखान्यात गेला आणि अंधार पडेपर्यंत एकाच फळीवर रंधा मारत राहिला. बायकोने देवाचा शब्द मोडला याचं दुःख — असं मी लिहिलं. टिपणवहीत. हो, पुन्हा लिहायला लागले आहे.

२ ऑगस्ट. ग्रोनिंगन

परत आले. निघताना फेनाने पाव बांधून दिला. लूबेर्टने सामान स्टेशनपर्यंत आणलं, गाडी हलेपर्यंत टोपी हातात धरून उभा होता.

आज प्रोफेसरांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी कॉफी केली, बराच वेळ चमचाच फिरवत बसले. म्हणाले, तुम्ही डॉक्टर नव्हतात, तुमच्यावर तशी जबाबदारी नव्हती. मग हळूच म्हणाले, "विट्स्के, कंस पुस्तकासाठी असतो. तो तुम्ही स्वयंपाकघरात कशाला नेलात?"

"जूनमध्ये फोनवर तुम्हीच उत्तम म्हणाला होतात."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. सत्तरीचे आहेत. निघताना दारापर्यंत आले, हे कधी करत नाहीत.

१९ सप्टेंबर

चौथं प्रकरण संपलं. लूबेर्टची श्रद्धा. सगळ्या प्रबंधात तेच उत्तम उतरलं आहे, प्रोफेसरही म्हणतात. लसीबद्दलच्या त्याच्या "नाही"मध्ये भीती नाही, हट्ट नाही. दोरीला धरून चालणाऱ्याने दोरी का सोडावी, असं साधं ते "नाही" आहे. मुलगी लंगडी झाली तरी त्याचा आवाज हलत नाही. हे बाहेरच्या माणसाला दगडासारखं दिसेल. आतून तो पूर्ण भरवसा आहे. असं लिहिलंय.

लिहिताना रडले. फेनाबद्दल एकही प्रकरण नाही. तिच्याबद्दल काय लिहू?

५ ऑक्टोबर

आईचा फोन. नोकरीचं विचारत होती. मी म्हटलं, मला टोचायला नेताना तुला कधी शंका आली होती का? "कसली शंका? तू केवढी ओरडत होतीस! मला बस चुकेल याची काळजी."

२८ ऑक्टोबर, शनिवार

यान्नाला भेटायला गेले. आता ती मुलांच्या आरोग्यगृहात असते, जंगलाच्या कडेला. पायाला चामडं आणि लोखंड. दोन दांड्यांच्या मधून चालते. मी दारात दिसताच दांड्या सोडून हात वर केला आणि पडली. उठवायला धावले, तर नर्स म्हणाली, तिची तिला उठू द्या.

उठली! वेळ लागला.

मग माझ्या शेजारी बसून म्हणाली, "बाई, माझा पाय झोपलाय. आई म्हणते, अर्धा उठेल. बाबा काहीच म्हणत नाहीत."

फेना बारीक झालीय. तिने थर्मासमधली कॉफी दिली, एक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला. एल्झरवीनला घरी एकच द्यायची, तसंच. मी माफी मागायचं ठरवून गेले होते. शब्द तोंडाशी आले तेव्हा ती यान्नाच्या बुटाची नाडी बांधत होती. वर न बघता म्हणाली, "नका बोलू. ती ऐकते आहे."

मग मी नाडीचं दुसरं टोक धरलं. तेवढंच केलं.

लूबेर्ट बस थांब्यापर्यंत सोबत आला. ते उद्या लिहीन.

२९ ऑक्टोबर, रविवार

थांब्यावर बराच वेळ बस नव्हती. लूबेर्ट रस्त्याकडे बघत म्हणाला, "थेंबांचं विचारायला त्या मंगळवारी फेनाला तुमच्याकडे मीच पाठवलं होतं. मंडळातल्या माणसाला असं कुणाला विचारता येत नाही. तुम्ही नुसतं 'न्या' म्हणाला असतात, तर पोरीला मी स्वतः घेऊन गेलो असतो."

मग म्हणाला, "गावात विचारण्यासारखं दुसरं कुणी नव्हतं, बाई."