खालून कापलेल्या चार ओळी

मंगळवार, ७ ऑक्टोबर
कॅन्सर नाही! डॉक्टरीणबाईंनी संध्याकाळी साडेपाचला फोनवर सांगितलं. गर्भाशयात साधा पॉलिप, म्हणजे मांसाची छोटी गाठ, बाकी अस्तर वयाप्रमाणे पातळ. मग मी आतून काढलेला तुकडा तपासणाऱ्या लॅबच्या बाईंनाही फोन लावला — वर्तमानपत्रातली तीस वर्षांची खोड, दोघांनी सांगितल्याशिवाय बातमी खरी नाही. त्या हसल्या. "तुमचाच आहे हो रिपोर्ट! नाव, वय, सगळं जुळतंय."

हे भांडी घासत होते. सांगितलं, तर नळ बंद केला, परत सोडला. "मग चहा टाकू का?" पाठ माझ्याकडेच. खांदे मात्र हलत होते.

बुधवार, ८ ऑक्टोबर
नऊ तास झोपले.

गुरुवार, ९ ऑक्टोबर
रिपोर्ट आणला. डॉक्टरीणबाईंनी झापलं. "पाळी जाऊन सात वर्षं, डाग दिसला, तरी तीन आठवडे घरी? आरोग्याचं पान तुम्हीच बघता ना?" काय सांगणार — पुरवणी निघायची होती!

म्हणाल्या, अशा दहाजणी आल्या तर बहुतेकींचं अस्तर नुसतं सुकलेलं असतं, नाहीतर पॉलिप. एखादीला कॅन्सर. "पण ती एखादी कोण, हे तुकडा तपासल्याशिवाय मलाही कळत नाही. लवकर आली तर बहुतेक वेळा बरी होते." वाक्य टिपून घेतलं. सवय!

शनिवार, ११ ऑक्टोबर
ताईकडे जाऊन सगळं सांगितलं. आधी कळलं असतं तर माझ्याऐवजी तिनेच अंथरूण धरलं असतं. वाटलं, आता चांगली खरडपट्टी निघणार. तिने आधी दार लोटलं. मग म्हणाली, "अगं, मलापण होतंय. जूनपासून."

चौसष्टची आहे ताई!

"दाखवलं का नाहीस?"

"तुझ्याच पानावर होतं की — कमी-जास्त व्हायचंच, घाबरू नका." बिस्किटांच्या डब्यातून कात्रण काढलं. माझी सगळी पानं ठेवते ती.

लेख पाळी जातानाच्या दिवसांवर होता. मूळ लेखात शेवटी आणखी चार ओळी होत्या — पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर थेंबभर रक्त दिसलं तरी लगेच डॉक्टर गाठा. ऐनवेळी जाहिरात आली, जागा कमी पडली. लेख खालून कापायचा असतो. मीच कापला.

ताईला हे सांगितलं. "म्हणजे चार ओळींनी हुकले होय मी!" वर हसली. मला हसता येईना. तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन केला.

रविवार, १२ ऑक्टोबर
लेख पुढच्या रविवारी पुन्हा घेतेय. त्या चार ओळी सगळ्यात वर, ठळक.

सोमवार, १३ ऑक्टोबर
उद्या सकाळी साडेनऊला ताईचा तुकडा घेणार. मी बाहेरच्या बाकावर. रिपोर्ट आठवड्याने, फोनवर. "तूच उचल," ताईने बजावलंय. "आणि लॅबलाही विचार. दोघांनी सांगितलं तरच मला सांग."