पाटीसकट मोहेली

होआनीचा धक्का, मोहेली बेट
शनिवार

मेहुणेबुवा हमादी यांना नस्सूरचा वाकून सलाम.

तुमचा गुडघा आता वाकतो का? बोकडाचा खोकला गेला का? वहिनींच्या तब्येतीची चौकशी करत नाही. त्यांचा आवाज वारा पडला की समुद्र ओलांडून इथवर येतो, म्हणजे ठणठणीत असणार. मी मजेत आहे. (अंगावर पुरळ, पोटात रोजचा उकडलेला नीरफणस आणि उशाला लाकडी पाटी, एवढं सोडलं तर.)

गावात काय बोललं जातंय ते मला ठाऊक आहे. तुमच्या बहिणीने, म्हणजे माझ्या एशाताने, मला घराबाहेर काढलं, असं. साफ खोटं! मी बेट बघायला आलो आहे. एवढंच की निघायच्या दिवशी माझी पेटी माझ्याआधीच दाराबाहेर आली होती आणि पेटीवर पाटी. आता तुम्हीच सांगा, घर बायकोचं, आईकडून लेकीला आलेलं, आपण सगळे पुरुष तिथे जन्माचे घरजावई, हे मला काय माहीत नाही? पण एकवीस वर्षं ज्या दारातून आलो-गेलो, त्यावर 'नस्सूर निवास' अशी एक पाटी ठोकली तर आभाळ कोसळलं का? अक्षरं सुताराकडून कोरून घेतली होती, वर निळा रंग दिला होता. एशाताने वाचली, खिळे स्वतःच्या हाताने उपटले आणि म्हणाली, "जा, आता हिच्यातच राहा."

तुम्ही लवंगांच्या व्यापारासाठी दर महिन्याला इथे येता आणि परत गेल्यावर कपाळाला हात लावता, 'शी, काय ते बेट, बघण्यासारखं म्हणून काही नाही.' मी म्हटलं, एवढं काही नसेल तर निदान स्वस्त तरी असेल. नावाड्याने निम्म्या भाड्यात घेतलं, पण बोटीतलं पाणी उपसायच्या बोलीवर. सबंध वाट मी डबा घेऊन समुद्र समुद्रात ओतत होतो आणि पूर्ण भाडं भरलेले लोक कांद्याच्या पोत्यांवर बसून "नेट लाव, दादा, नेट लाव" म्हणत होते. (एकाने तर आपल्या पायाखालचं आधी उपसायला सांगितलं. मेला!) इथे म्हणे कासवं बघायला गोरे लोक विमानाने येतात. मी गाडीचे पैसे वाचवून चालत गेलो, पहाटे पोचलो. कासवीण वर आली, माझ्याकडे पाठ केली, खड्डा खणता खणता माझ्या तोंडावर वाळू उडवली आणि चालती झाली. हे तर मला घरबसल्या मिळत होतं.

आणि माणसं! एक नंबरची आळशी. कट्ट्यावर दिवसभर बसून त्यांना एकच प्रश्न सुचतो, "तू कुठल्या बाईच्या घरचा रे बाबा?" आपल्याकडेही हेच विचारतात आणि मी तोंड भरून उत्तर द्यायचो. इथे चपलेतली वाळू झाडत बसलो. वाईट वाटलं, मेहुणेबुवा, खोटं कशाला बोलू.

सगळ्यांत स्वस्त जागा म्हणून धक्क्यासमोरच्या रांतीबाईंचा ओटा मिळाला. चटई फुकट, जेवण फुकट, फक्त रोज चार नारळ खवायचे. त्यातही बाईंची कटकट, करवंटीचं काळं येऊ देऊ नकोस, माझा नवरा बघ कसा पांढराशुभ्र खवतो! (नवरा व्यापारी आहे म्हणे, महिन्यातले चार दिवस येतो.) खवणीवर बसणारा असला पुरुष आपल्या गावात निघाला असता तर सगळ्यांत आधी तुम्हीच हसला असता. तुम्ही तर घरी पाण्याचा पेलासुद्धा हाताने घेत नाही.

तर असं हे भिकार बेट. घरची आठवण मुळीच येत नाही. एशाता संध्याकाळी तोंडाला चंदन लावून दारात बसते, ती बसते ना, तेवढं मात्र कळवा.

तुमचा,
नस्सूर

ता. क. गुरुवारच्या बोटीने येतो आहे. तुम्ही थोरले भाऊ, तुमचा शब्द ती मोडत नाही. माझी पेटी आत घ्यायला सांगा. पाटीचा हट्ट सोडला. रोज नारळ खवीन, आता हात बसला आहे. मला त्या घराशिवाय घर नाही हो.

आणखी एक. काल रांतीबाईंनी भिंतीवरचा नवऱ्याचा फोटो पुसायला सांगितला, तेव्हा जवळून पाहिला. माणूस रुबाबदार आहे. डाव्या भुवईवर अगदी तुमच्यासारखा व्रण, कोटही तुमचाच. वहिनींना काही सांगावं असं माझ्या मनातसुद्धा नाही. पाटी इथेच ठेवून येतो आहे. तिची मागची बाजू कोरी आहे, सुतार इथेही आहे आणि बोटीतून उतरणाऱ्या आपल्या गावच्या बायकांना पहिलं हेच दार दिसतं. गुरुवारी एशाताचं दार बंद निघालं तर परतीच्या बोटीने येऊन इथे 'हमादी निवास' ठोकीन. बाकी, नारळ तुम्ही फारच सुरेख खवता म्हणे.